साइ थी साइंग: शान डोंगरातला गायक, त्याची गाणी आणि लोकांचा राग

घाटपायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या माणसावर धागा काढायचं मनात होतं, आज वेळ मिळाला.

२०१३ मध्ये कामानिमित्त ब्रह्मदेशात यांगॉनला (जुनं रंगून) होतो, जवळपास दीड वर्षं. सहाव्या मजल्यावर खोली, लिफ्ट नाही, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट जाणार हे ठरलेलं. लाइट गेली की बिल्डिंगमधली पोरं जिन्यात गिटार घेऊन बसायची. मी भाजीची पिशवी घेऊन वर चढत असायचो आणि त्यांच्यातला एक जण एक गाणं सुरू करायचा, संथ, चालत चालत म्हणावं असं, आणि ध्रुवपद आलं की वरच्या खालच्या मजल्यावरच्या अंधारातूनही आवाज मिसळायचे. बायकांचे, म्हाताऱ्यांचे, सगळ्यांचे. मला शब्द कळत नव्हते पण तिसऱ्या चौथ्या आठवड्यात चाल डोक्यात पक्की बसली. ऑफिसात एक शान (ब्रह्मदेशच्या पूर्वेकडच्या डोंगरातला समाज) सहकारी होता त्याला गुणगुणून दाखवली तर त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि पूर्ण गाणं म्हटलं. म्हणाला, हे आमच्याकडचं आहे, साइ थी साइंगचं.

तर हा साइ थी साइंग. जन्म १९५० च्या सुमारास, दक्षिण शान राज्यात लिनखे नावाच्या छोट्या गावी (शान लोक लांगखो म्हणतात). साठचं दशक संपता संपता शिकायला मंडालेला आला आणि तिथे त्याची गाठ पडली साइ खाम लेइकशी. हा दुसरा मुलगाही शान, मेडिकलचा विद्यार्थी, पुढे डॉक्टर झाला, पण आधीपासून गाणी लिहायचा. एकाकडे आवाज, एकाकडे शब्द आणि चाली. पुढे 'द वाइल्ड वन्स' नावाचा बँड निघाला आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात अख्ख्या ब्रह्मदेशाने यांना डोक्यावर घेतलं. शान माणूस बर्मीज पॉपमध्ये एवढा मोठा होणं हे तोवर जवळपास घडलं नव्हतं, पहिल्या काही नावांत त्याचं नाव येतं.

गाणी कशाबद्दल, तर शान डोंगर, तिथलं धुकं, तिथले सणवार, गाव सोडून आलेल्याला येणारी घराची आठवण, प्रेम. गिटार, थोडा कंट्रीचा ढंग, आवाजात कुठेही जोर लावलेला नाही. ज्यांनी आयुष्यात कधी शान राज्य पाहिलं नाही अशा इरावतीच्या काठच्या लोकांना ते डोंगर या गाण्यांनी दाखवले.

आणि मग नव्वदच्या दशकात तो लष्करी राजवटीसाठी गाणी गाऊ लागला. सरकारी टीव्हीवर. तिथून लोकांचं मन फिरलं. १० मार्च २००८ ला यांगॉनमध्ये गेला, साठीही गाठली नव्हती.

मला या माणसाबद्दल बोलायचंय कारण त्याचा विचार डोक्यातून जात नाही. इथे कोणी ऐकलंय का त्याला? कोणी त्या बाजूला राहिलंय का?

मंजिरी_ऐकते

काय सुंदर सुरुवात केलीत, जिना डोळ्यासमोर आला. नाव पहिल्यांदाच ऐकलं पण आता शोधून ऐकणार. एक प्रश्न, "साइ" हे आडनाव आहे का? साई खाम, साई थी, दोघांनाही तेच कसं काय?

घाटपायथा

मंजिरी, आडनाव नाही. शान पुरुषांच्या नावाआधी साइ लावतात, बायकांच्या नावाआधी नांग. आपण भाऊ, ताई म्हणतो तसं, फक्त ते नावाचाच भाग होऊन बसतं. संस्थानिक घराण्यातल्यांना साव. त्यामुळे बर्मीज कलाकारांच्या यादीत साइ दिसलं की समजायचं मूळ शान आहे. आत्ताच्या पिढीतला मोठा स्टार साइ साइ खाम लेंग, १९७९ चा, तौंजीचा, हिपहॉप करतो, सिनेमात कामं करतो, तोही शानच.

ही मंडळी स्वतःला शान म्हणत नाहीत हेही सांगतो, ते स्वतःला ताइ म्हणतात. थाई, लाओ यांच्या कुळातली भाषा. शान हा शब्द बाहेरच्यांचा.

ईशान्यप्रेमी

ताइ वरून लिहायला आलो. आसामचे आहोम मूळचे याच लोकांपैकी. त्यांचा पहिला राजा सुकाफा १२२८ मध्ये पटकाई डोंगर ओलांडून आला तो या शान मुलखातूनच. गुवाहाटीत नोकरीला असताना आहोम मित्रांकडून जुन्या ताइ पोथ्यांबद्दल ऐकलं होतं, त्या पोथ्या वाचू शकणारे आता मोजकेच राहिलेत, बाकी समाज केव्हाच आसामी बोलायला लागला. त्यामुळे घाटपायथांना एक विचारावंसं वाटतं, हा माणूस शानमध्ये गायचा का बर्मीजमध्ये? कारण एखाद्या समाजाचा सगळ्यात मोठा गायक जर दुसऱ्याच्या भाषेत गात असेल तर मला त्यात थोडी काळजी दिसते.

कॅसेटवाला_दादा

भाषेवर बोलूच, पण आधी त्या काळातलं गाण्याचं वातावरण सांगू द्या, नाहीतर या बँडने काय केलं ते कळणार नाही. माझं पूर्वी कॅसेटचं दुकान होतं आणि आशियातल्या कॅसेटच्या धंद्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय, ब्रह्मदेशाचं प्रकरण फार वेगळं आहे.

१९६२ च्या मार्चमध्ये लष्करप्रमुख ने विन यांनी सत्ता घेतली आणि देश मिटून घेतला. समाजवादी मार्ग वगैरे. पाश्चात्य धाटणीचं गाणं म्हणजे तरुणांना बिघडवणारं असं सरकारी मत, रेडिओवर त्याला जागा नाही. पण पोरांना इलेक्ट्रिक गिटार हवीच होती. मग काय व्हायचं, कुठल्या तरी खाजगी खोलीत रेकॉर्डिंग आणि कॅसेटवरून कॅसेट. या गाण्यांना तिकडे "स्टिरिओ" गाणी म्हणायला लागले. यातली बरीच गाणी कशी असायची, तर इंग्रजी हिट गाण्याची चाल जशीच्या तशी घ्यायची आणि वर बर्मीज शब्द बसवायचे. त्याला म्हणतात कॉपी थाचिन. थाचिन म्हणजे गाणं. यात लपवाछपवी काही नाही, लोक उघड कॉपीच म्हणतात आणि आवडीने ऐकतात, त्यातही शब्द बसवणाऱ्याचं कसब मोठं असतं. याच्या उलट जे स्वतः चाल बांधतात त्यांच्या गाण्याला ओन ट्यून म्हणतात.

वाइल्ड वन्सचं मोठेपण इथे आहे. साइ खाम लेइकने गाणी स्वतःच्या चालीत बांधली. बाहेरची रेकॉर्ड मिळवून तिच्यावर शब्द चढवणं सोपं होतं, चालायचंही. या दोघांनी डोंगरातलं ऐकलेलं आणि गिटारवरचं ऐकलेलं एकत्र करून नवीन काहीतरी उभं केलं. आणि एवढं करून शब्द सेन्सॉरकडे जायचे ते जायचेच. तिथे छापील असो की गायलेलं, आधी सरकारला दाखवून परवानगी घ्यायची, ही पद्धत २०१२ पर्यंत चालू होती. पन्नास वर्षं! विचार करा गीतकार लिहिताना काय काय मनातच ठेवत असेल.

घाटपायथा

दादा, हे सगळं मला इतकं नीट मांडता आलं नसतं, धन्यवाद.

ईशान्यप्रेमी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही भाषांत गायला, पण ज्या गाण्यांनी देशभर नाव झालं ती बर्मीज. आणि काळजी रास्त आहे. पण माझ्या त्या सहकाऱ्याने एक सांगितलेलं मला पटतं. तो म्हणाला की यांगॉनला शिकायला आलो तेव्हा वर्गातली मुलं शान म्हणजे अफू आणि बंडखोर एवढंच ओळखायची, आणि दुसरं काही माहीत असेल तर ती साइ थी साइंगची गाणी. म्हणजे त्याच्या भाषेत सांगायचं तर ती गाणी बर्मीजमध्ये होती म्हणूनच त्याच्या वर्गापर्यंत पोचली. आपल्याच माणसाने परक्यांच्या भाषेत आपलं गाव इतकं प्रेमाने सांगितलं की परके त्या गावाच्या प्रेमात पडले, याला मी नुसतं नुकसान म्हणू शकत नाही.

शुभदा_का

मी बाकी वाचते आहे पण मला एक टोचतंय ते लिहिते. गाव प्रेमाने सांगितलं हे छान, पण त्या गावाचं काय चाललं होतं ते कोणी सांगितलं? शान राज्याचा इतिहास थोडा वाचलाय. १२ फेब्रुवारी १९४७ ला पांगलाँगला करार झाला, ब्रह्मदेशचे स्वातंत्र्यनेते आंग सान आणि शान, काचिन, चिन या डोंगरी समाजांच्या नेत्यांच्यात, स्वायत्तता मिळेल असा शब्द देऊन. नंतरच्या घटनेत शान राज्याला दहा वर्षांनी वेगळं व्हायची मुभासुद्धा लिहिलेली होती. आंग सान यांची त्याच वर्षी जुलैमध्ये हत्या झाली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साव श्वे थाइक, शान संस्थानिक, ते १९६२ च्या लष्करी बंडानंतर तुरुंगात गेले आणि तुरुंगातच वारले. त्यांचा एक मुलगा बंडाच्या पहाटे घरावरच्या हल्ल्यात मारला गेला. १९५८ पासून डोंगरात सशस्त्र लढा सुरू होता. हे सगळं घडत असताना धुकं आणि चेरीची फुलं?

रागाने नाही विचारत, मनापासून विचारतेय.

घाटपायथा

शुभदाताई, बरं झालं विचारलंत, कारण याच ठिकाणी साइ खाम लेइक या माणसाची दुसरी बाजू येते.

पांगलाँग करारावर एक शान भाषेतलं गाणं आहे. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणारं. ते लिहिलं याच डॉक्टरांनी. गायलं मात्र दुसऱ्या गायकाने, साइ साइ माव याने, आणि त्यापायी त्याला तुरुंगात जावं लागलं. आजही शान लोकांत ते गाणं जवळपास राष्ट्रगीतासारखं म्हटलं जातं. म्हणजे एकाच गीतकाराची काही गाणी यांगॉनच्या चहाच्या दुकानांत वाजत होती आणि एक गाणं डोंगरातल्या छावण्यांत. गीतकार एक आणि गळे दोन. एका गळ्याने सगळा देश जिंकला, दुसऱ्याने शिक्षा भोगली.

म्हणून मी साइ थी साइंगच्या धुक्याला खोटं म्हणत नाही. सेन्सॉरसमोर बसून जितकं आत नेता येत होतं तितकं त्या दोघांनी नेलं असं माझं मत. नव्वदनंतरच्या गाण्यांचं मात्र मला समर्थन करता येत नाही.

रत्नांग्रीचा

धागा फार आवडला. माझी छोटीशी भर. आमच्या रत्नागिरीत थिबा पॅलेस आहे, सगळ्यांना माहितीच आहे, ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं, पॅलेस बांधून १९१० ला तयार झाला आणि १९१६ ला राजा इथेच वारला. पण थिबा हे नाव कुठून आलं हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. ते शान गावाचं नाव आहे! शान लोक त्याला सिपाव म्हणतात, त्याचंच बर्मीज रूप थिबॉ. राजपुत्र असताना त्या मुलखाचं उत्पन्न त्याच्या नावे होतं, म्हणून त्या नावाचा राजपुत्र. म्हणजे लहानपणापासून रिक्षावाल्याला आपण "थिबा पॅलेस" सांगतोय ते एका शान गावाचं नाव घेतोय. अवांतर झालं असेल तर माफी.

मंजिरी_ऐकते

अवांतर कसलं, अंगावर काटा आला.

काल रात्री ऐकली हो त्याची सात आठ गाणी. मी शास्त्रीय शिकलेय त्यामुळे कान आपोआप तिकडे जातो. आवाज खर्जाचा नाही, फार उंचही नाही, मध्यातच राहतो. पण ओळ संपवताना तो शेवटचा स्वर ताणत नाही, हलकेच सोडून देतो, जणू बोलता बोलता थांबलाय. आपल्याकडे भावगीत गाणारे काही जुने लोक असं करायचे. त्यामुळे भाषा न कळताही कोणीतरी आपल्याशीच बोलतंय असं वाटत राहतं. घाटपायथांच्या जिन्यातल्या लोकांना ते सोबत म्हणावंसं का वाटायचं ते कळलं, कारण त्याला गळा तयार लागत नाही. कोणीही म्हणू शकतं. असं गाणं करणं सोपं नसतं.

कॅसेटवाला_दादा

मंजिरी, अगदी बरोबर पकडलंत. +१

आता त्या नव्वदच्या दशकाबद्दल. १९८८ ला ऑगस्टमध्ये देशभर उठाव झाला, सप्टेंबरमध्ये लष्कराने तो चिरडून नवीन नावाने कारभार हातात घेतला. त्यानंतर त्यांना लोकप्रिय चेहरे हवे होते. देशभक्तीची, एकजुटीची, विकासाची गाणी, आणि ती गायला लोकांच्या आवडीचे आवाज. कलाकाराला नाही म्हणणं किती परवडत होतं? सेन्सॉर त्यांच्या हातात, कार्यक्रमाची परवानगी त्यांच्या हातात, टीव्ही त्यांचा. मी त्याचं समर्थन करत नाहीये, फक्त दुकानदार म्हणून बघितलंय की कलाकाराचं पोट किती कमी लोकांच्या मर्जीवर चालतं.

शुभदा_का

दादा, पोटाचं समजू शकते. पण एक लक्षात घ्या. १९९६ ते १९९८ या काळात लष्कराने मध्य आणि दक्षिण शान राज्यातली चौदाशेच्या आसपास गावं उठवली, तीन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडायला लावली. बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून. दक्षिण शान म्हणजे ज्या डोंगरांची गाणी गाऊन हा माणूस मोठा झाला तेच डोंगर. मग त्याच दशकात त्याच राजवटीसाठी तोच आवाज. जी बाई घर जळताना बघून सीमेकडे चालत सुटली तिच्या कानात या माणसाची जुनी गाणी असतील ना? तिने काय करायचं त्या गाण्यांचं?

घाटपायथा

याला माझ्याकडे उत्तर नाही शुभदाताई. एक घरातली गोष्ट सांगतो, त्या सहकाऱ्याच्या घरची, त्याला विचारून लिहितोय.

त्याचे वडील शाळामास्तर. घरात टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेटचं लाकडी खोकं. साइ थी साइंगच्या जुन्या कॅसेट त्यात पहिल्या ओळीत, घरातल्या सगळ्या मुलांना पाठ. नव्वदनंतर वडिलांनी ते वाजवणं बंद केलं. फेकल्या नाहीत, कोणाला दिल्या नाहीत, खोक्यात तशाच, पण घरात कोणी लावायच्या नाहीत. टीव्हीवर तो दिसला की उठून बंद करायचे. असं दहा बारा वर्षं चाललं. २००८ च्या मार्चमध्ये तो गेल्याची बातमी आली तेव्हा हा सुट्टीला घरी होता. आई काही न बोलता खोकं घेऊन आली आणि एक कॅसेट लावली, सत्तरच्या दशकातली. वडील उठून अंगणात गेले. पण जाताना दार लावलं नाही त्यांनी. पूर्ण बाजू संपेपर्यंत तिथेच उभे होते, पाठमोरे. कॅसेट संपल्यावर आत आले आणि म्हणाले, जेवायला वाढ.

मला हे ऐकल्यापासून वाटतं की तिथल्या लोकांनी हा प्रश्न कधी सोडवलाच नाही, ते तसेच त्याच्यासोबत राहिले.

पिंगकाठची

नेहमी वाचनमात्र असते पण आज लिहितेच. मी थायलंडमध्ये चिआंग माईला राहते, आठ वर्षं झाली. इथे शान लोक भरपूर, थाई लोक त्यांना थाई याई म्हणतात. बांधकामावर, बागांमध्ये, घरकामाला, बहुतेक कष्टाची कामं हेच करतात. शुभदाताई, तुम्ही लिहिलेल्या काळात डोंगर उतरून आलेले कितीतरी इथेच आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा पोई सांग लोंग असतो, लहान मुलांना श्रामणेर, म्हणजे छोटे बौद्ध भिक्खू, करायचा सोहळा. मुलांना राजपुत्रासारखं सजवतात, फुलांचे मुकुट, गालाला रंग, आणि तीन दिवस त्यांचे पाय जमिनीला लागू देत नाहीत, बाप-काका खांद्यावर घेऊन ढोल-झांजांच्या तालावर नाचतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्याकडची मुंज आणि नवरदेवाची वरात दोन्ही एकदम आठवलं. त्याच देवळाच्या आवारात रात्री स्टेज असतं आणि शान गायक गातात, समोर हजारो मजूर सहकुटुंब बसलेले, फोनचे टॉर्च वर करून. शान पॉप अगदी जिवंत आहे हो, ईशान्यप्रेमी. इथे ते शान भाषेतच गातात.

आमच्या सोसायटीसमोर एक शान बाई खाण्याची गाडी लावते, आम्ही तिला पा म्हणतो, थाईत पा म्हणजे मावशी. तिच्याकडे तोहू मिळतो, तो सोयाबीनचा नसतो तर हरभऱ्याच्या पिठाचा, हळद घालून शिजवून थापून ठेवतात आणि मग कापतात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी तिला म्हटलं हे तर आमचं घट्ट पिठलं आहे. उद्या तिला विचारते साइ थी साइंगबद्दल.

मंजिरी_ऐकते

नक्की विचारा आणि इथे येऊन सांगा!! वाट बघतेय.

ईशान्यप्रेमी

पिंगकाठची, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. भाषेची माझी काळजी थोडी कमी झाली.

पिंगकाठची

विचारलं. उशीर झाला त्याबद्दल माफी, मध्ये तिची गाडी दोन दिवस नव्हती.

नाव घेतलं तर आधी तिला कळलंच नाही, माझा उच्चार चुकत असणार. मग फोनवर लावून दाखवलं. तोहू कापत होती, सुरी थांबली नाही पण ओठ हलायला लागले. सगळे शब्द येत होते तिला, बर्मीजमधले. तिला बर्मीज नीट बोलता येत नाही, सामानाचे आकडे थाईत सांगते, मुलांशी शानमध्ये बोलते, पण गाणं पूर्ण पाठ. गावात एकाच घरी रेडिओ-टेप होता, म्हणाली, भातलावणीच्या दिवसात तिथे सगळ्या जमायच्या आणि हे वाजायचं. तिचं गाव नकाशावर आहे का विचारलं तर म्हणाली आता तिथे कोणी राहत नाही.

मग मी धीर करून विचारलं की त्याने नंतर लष्करासाठी गाणी म्हटली ते तुला माहीत आहे का. म्हणाली माहीत आहे. थोडा वेळ काही बोलली नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला नूडल्स दिल्या, पैसे घेतले. मग म्हणाली, "हे गाणं त्याच्या आधीचं आहे." आणि मला फोन परत हवाय का विचारलं, कारण गाणं अजून संपलं नव्हतं.

फोन तिथेच गाडीवर ठेवला. पुढचं गाणं आपोआप लागलं, ते साइ साइ मावचं निघालं, शानमधलं. त्याला ती मोठ्याने गायली.